ट्युनिसचा माणूस येण्याआधी

१२ मे, रविवार

सगळं बदललं ते आज, आठवड्याच्या पहिल्याच कामाच्या दिवशी दुपारी, सुहैला फोनवर हसली त्या क्षणी. त्याआधी मी सुखी माणूस होतो. म्हणजे तसा दुःखीच होतो, पण ते दुःख माझ्या ओळखीचं होतं.

सुहैला आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात सूची विभाग सांभाळते. मी तिथेच हंगामी नोकर आहे. कॉन्स्टंटिन शहरात चाललेलं इंजिनिअरिंग मी अर्ध्यावर सोडलं, कारण एक प्राध्यापक माझ्या उत्तरावर हसला आणि मी सगळ्या वर्गादेखत त्याला काय वाटेल ते बोललो. घरी परत आलो. ग्रंथालयाला यंत्रांमधलं कळणारा पोरगा हवा होता, आणि मुलाखतीच्या खोलीत कोपऱ्यात सुहैला बसली होती. पगार किती हे विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही.

सध्या आमचं ग्रंथालय क्लाउडवर चाललंय. पुस्तकांची सूची, देवघेव, प्रबंध, सगळं जिन्याखालच्या जुन्या सर्व्हरवरून उचलायचं आणि शेजारच्या देशातल्या, ट्युनिसच्या एका कंपनीच्या यंत्रांवर ठेवायचं. मग ते इंटरनेटवरून कुठूनही वापरता येणार. त्या कंपनीचा एक माणूस मदतीला फोनवर असतो. त्याचं नाव मोंजी. सुहैला त्याला ‘सी मोंजी’ म्हणते. त्याला मानाचं ‘सी’ लावते आणि मला नुसतं झुबेर!

तर आज ती त्याच्याशी बोलताना हसली. साधं नाही, डोळे पुसत हसली. दोन वर्षांत माझ्या एकाही विनोदाला ती डोळे पुसण्याइतकी हसलेली नाही. “काय म्हणत होता तो?” मी विचारलं.

“पासवर्डबद्दल सांगत होता.”

पासवर्डमध्ये डोळे पुसण्यासारखं काय असतं?

१४ मे, मंगळवार

आमचे ग्रंथपाल बूजेमासाहेब. माणूस वाईट नाही, पण शिक्क्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास नाही. आज मी त्यांना पडद्यावर पहिला प्रबंध दाखवला. त्यांनी पुढून पाहिला, वाकून बाजूनं पाहिला आणि विचारलं, “शिक्का कुठाय?”

“साहेब, याला शिक्का लागत नाही.”

“पोरा, बिनशिक्क्याचा कागद म्हणजे बिनबापाचं पोर. उद्या कुणी म्हणालं हा आमचा, तर काय दाखवशील?”

मी चिडून काही बोलणार, तेवढ्यात सुहैलानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. (दोन दिवस तो बूट पुसणार नाही.) शेवटी असं ठरलं की प्रत्येक प्रबंधाचं प्रत्येक पान छापायचं, त्यावर शिक्का मारायचा, ते परत स्कॅन करायचं आणि मग क्लाउडवर चढवायचं. मी दिवसभर शिक्के मारतोय. अंगठा जांभळा झालाय.

संध्याकाळी तिला मेसेज केला. तिनं पाहिला नाही. मला गेल्या जूनची आठवण झाली. तेव्हाही तिचं उत्तर आलं नव्हतं, आणि मी आईनं ताटात वाढलेली शखशूखा तशीच टाकून गच्चीवर जाऊन बसलो होतो. दुपारी कळलं की बॅकची, म्हणजे शाळा संपतानाची मोठी परीक्षा होती, पोरांनी कॉपी करू नये म्हणून पेपर चालू असताना देशभर इंटरनेट बंद ठेवलं होतं, कुणाचंच काही कुणाला पोचत नव्हतं. सरकारनं मला किती मोठा दिलासा दिला, ते सरकारला कळणार नाही. आज मात्र इंटरनेट चालू आहे, म्हणजे तिला खरंच उत्तर द्यायचं नाही.

१९ मे, रविवार

आज मोंजीचा आवाज प्रथमच नीट ऐकला. फोन स्पीकरवर होता. आवाज जाड आणि सावकाश आहे. काही तरुण मुद्दाम असा आवाज काढतात, मुलींना भारदस्त वाटावं म्हणून.

नाव म्हाताऱ्याचं आहे खरं. पण हल्ली आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत सगळीकडे आहे.

सुहैलानं विचारलं, “मग हॉल मिळाला का?” तो म्हणाला, “मिळाला, पण माझ्या धाकटीला तो पसंत नाही. थोरलीच्या वेळी इतके नखरे नव्हते.” पुढे दहा मिनिटं दोघं धाकटीच्या लग्नाबद्दल बोलत होते. कसला लबाड माणूस आहे! लग्नाचा विषय काढायचा म्हणून धाकटी मुलगी तयार केली. मी ओळखून आहे असले डाव.

घरी आईला सांगितलं. ती बाल्कनीत मेंढ्याला पाला घालत होती. ईद महिन्यावर आली म्हणून मामानं लवकरच आणून बांधलाय. आई म्हणाली, “त्याला दोन लेकी आहेत ना? मग तुला काय त्रास आहे?”

आईला जग कळत नाही.

२३ मे, गुरुवार

घात झाला. मोंजी येतोय.

क्लाउडचं उद्‌घाटन ईदनंतर करायचं, आणि तेव्हा तो स्वतः ट्युनिसहून येणार. सुहैला म्हणाली, “इतके महिने फोनवर भेटतोय, आता प्रत्यक्ष भेट होईल.” तिचा चेहरा उजळला होता. मला म्हणाली, “झुबेर, त्यांना आपल्या गावातलं काय खायला घालायचं रे?”

मी म्हटलं, “विष.”

“काय?”

“काही नाही. महाजिब.”

माझं गणित साधं होतं. उद्‌घाटन नीट झालं की बूजेमासाहेब मला कायम करणार आहेत. हे त्यांनी दोनदा तोंडी सांगितलंय, एकदा तर शिक्का हातात धरून. कायम झालो की आईला घेऊन सुहैलाच्या घरी जायचं. तिचे वडील टपालखात्यातून निवृत्त झालेत. त्यांना हंगामी जावई चालणार नाही, हे गावात कुणीही सांगेल. पण मोंजी आधी येऊन तिला भेटला, तर मी कायम होऊन काय करू? कायम दुःखी?

२६ मे, रविवार

मार्ग सापडला! उद्‌घाटन ईदच्या आधी उरकायचं.

बूजेमासाहेबांना म्हटलं, “साहेब, ईदनंतर सगळे सुट्टीवर जातात. नऊ जूनला करू. त्या आठवड्यात बॅक आहे. विद्यापीठ शांत असतं. निम्मे प्राध्यापक आपापल्या पोरांना परीक्षेच्या दारापर्यंत पोचवायला गेलेले असतात. विद्यार्थी संघटनावाल्यांचेही धाकटे भाऊ बॅकला असतात. तुमच्या भाषणात घोषणा द्यायला माणूसच उरणार नाही.”

साहेबांचे डोळे चमकले. गेल्या वर्षी नव्या वाचनकक्षाच्या वेळी त्यांचं भाषण पोरांनी ‘पंखे कुठे आहेत’ म्हणून ओरडून बंद पाडलं होतं. “नऊ जून, सकाळी!” ते म्हणाले. “वा पोरा, डोकं आहे तुला. इंजिनिअरिंग का सोडलंस?”

मी निमंत्रितांची यादी करायला घेतली. कुलगुरूंची परवानगी दुपारीच आली, आणि राजधानीहून मंत्रालयाचे एक मोठे पाहुणे येणार असंही कळलं. संध्याकाळी मोंजीला कळवलं. तो म्हणाला, “अरेरे, आदल्याच दिवशी लग्न आहे, मला जमायचं नाही.” अजून तेच लग्न चालू आहे त्याचं! पण येणार नाही, एवढं खरं.

बाजारात उभ्या उभ्या चण्याच्या पिठाची गरम गारांतिता खाल्ली. ती इतकी चविष्ट लागली की दुकानदाराला मिठी मारावीशी वाटली.

२८ मे, मंगळवार

काल सुहैलाला तारीख सांगितली. ती माझ्याकडे बघतच राहिली.

“नऊ जून? सकाळी?”

“सकाळी.”

“झुबेर, त्या दिवशी आमच्या इलियासची बॅक आहे.”

इलियास तिचा धाकटा भाऊ. हे ती मला का सांगत होती, ते मी रात्रभर शोधत होतो. पहाटे उलगडलं. भाऊ परीक्षेला, आई त्याच्यासोबत, म्हणजे घरी फक्त वडील. शांत घर, एकटे वडील. तिनं मला वेळच सुचवली होती! मुली उघड बोलत नाहीत. त्यांचं समजून घ्यावं लागतं.

२ जून, रविवार

जिन्याखालचा जुना सर्व्हर भंगारात द्यायचा होता. सुहैला आडवी आली. “देऊ नकोस. सूची आणि प्रबंधांची एक प्रत त्याच्यावर ठेव, आणि वाचनकक्षातली यंत्रं तारेनं त्याला जोड.”

“कशाला? आता सगळं क्लाउडवर आहे.”

“माझ्यासाठी कर.”

माझ्यासाठी! त्या सर्व्हरशेजारी बसून आम्ही पहिल्यांदा एका कागदातून महाजिब खाल्ला होता. तिला आठवण जपायची आहे. मी ते धूड एकट्यानं उचलून वर नेलं, तारा ओढल्या, प्रत चढवली. पाठ धरली आहे. पण प्रेमात पाठ कोण बघतो?

४ जून, मंगळवार

इलियाससाठी एक भारी पेन घेतलं आणि सुहैलाला दिलं.

तिनं पेन पाहिलं, मला पाहिलं, आणि लहान मुलाला शिकवतात तशी म्हणाली, “झुबेर, बॅक कधी सुरू होते?”

“रविवारी.”

“आणि आपला कार्यक्रम?”

“रविवारी.”

“मग?”

“मग कार्यक्रम झाला की मी येतो ना, त्याला पेपर कसा गेला विचारायला.”

तिनं कपाळ टेबलावर टेकवलं. बहुधा आनंद लपवत होती. मग डोकं वर करून म्हणाली, “अरे गाढवा, त्या वेळी देशात...” आणि फोन वाजला. ट्युनिस! माझं डोकं सटकलं. “घे, घे, तुझा सी मोंजी आलाय! त्याला सांग काय सांगायचं ते!” म्हणून मी तरातरा निघून गेलो. थेट बाजारापर्यंत चालत गेलो. राग उतरला तेव्हा केस कापून घेतले.

परत आलो तर ती बूजेमासाहेबांच्या खोलीत होती. बाहेर साहेबांचा आवाज येत होता, “काही काळजी करू नकोस मुली. म्हणूनच तर आपण क्लाउड घेतलं! आणि आता निमंत्रणं गेलीत, शिक्क्यासकट. शिक्का मारलेली तारीख बदलत नसते.”

ती बाहेर आली ती माझ्याशी एक शब्दही न बोलता. रविवारची हुरहुर असणार.

९ जून, रविवार

जे झालं ते क्रमानं लिहितो.

वाचनकक्ष फुलांनी भरला होता. पहिल्या रांगेत कुलगुरू, शेजारी राजधानीचे पाहुणे, मागे प्राध्यापक, टेबलावर लिंबाचं सरबत आणि बदामाच्या वड्या. मी नवा कोट घालून यंत्रापाशी उभा. एकही घोषणा न होता बूजेमासाहेबांचं भाषण पार पडलं, तेव्हा त्यांनी स्वतःच चकित होऊन मागच्या रांगा न्याहाळल्या. मग ते म्हणाले, “आता आमचा झुबेर तुम्हाला क्लाउड दाखवील.”

मी कळ दाबली. भिंतीवरचा मोठा पडदा पांढरा झाला आणि पांढराच राहिला.

परत दाबली. पांढरा.

मागच्या रांगेत एका प्राध्यापकानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि मान खाली घातली. दुसऱ्यानं रुमाल तोंडावर धरला. कुलगुरूंनी पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुण्यांनी पडद्याकडे पाहिलं, एक घोट सरबत घेतलं आणि म्हणाले, “फार स्वच्छ मांडणी आहे.”

“सुटसुटीत,” कुलगुरू म्हणाले.

“डोळ्यांना त्रास नाही,” बूजेमासाहेब म्हणाले. मग माझ्या कानाशी वाकून, “काय झालं रे?”

मला मात्र एकच गोष्ट दिसत होती. मोंजी! येता आलं नाही म्हणून त्यानं सूड घेतला होता. मी फोन काढला, त्याला लावला, आणि दोन्ही हात मोकळे असावेत म्हणून स्पीकरवर टाकला. त्याचा ‘अलो’ ऐकू येताच मी सुरू झालो.

“लाज वाटत नाही? पुरुष असाल तर समोर या! मुलीवरून भांडण असेल तर माझ्याशी करा, ग्रंथालयाचं क्लाउड कशाला बंद पाडता?”

मग तोच जाड, सावकाश आवाज साऱ्या वाचनकक्षात घुमला. “बाळा, कालच धाकटीला सासरी पाठवलं. अजून डोळा लागलेला नाही. कुठल्या मुलीबद्दल बोलतोयस? आणि तुमच्याकडे आज बॅक ना? पेपर चालू असताना तुमचं इंटरनेट बंद असतं, हे आम्हाला इथे ट्युनिसमध्ये माहीत आहे. तुम्ही कार्यक्रम नेमका सकाळी कसा ठेवला?”

मागच्या रांगेचा बांध फुटला. सगळे खो खो हसू लागले.

गेला जून, गच्ची, शखशूखा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. बूजेमासाहेब माझ्या दंडाला धरून कुजबुजले, “पण इंटरनेट बंद असलं तर असू दे ना! आपण तर क्लाउडवर गेलोय. म्हणूनच तर घेतलं!”

“साहेब,” मी म्हटलं, “क्लाउडवर जायचा रस्ताच इंटरनेट आहे.”

“मग हे आधी कुणी का नाही सांगितलं?”

ज्यानं सांगितलं ते माणूस तोवर उठून पुढे आलं होतं. सुहैला. तिनं माझ्या हातातून कळफलक घेतला, मागची एक तार काढली, दुसरी लावली. तीच, मी पाठ मोडून ओढलेली. पडद्यावर सूची उमटली. ती शांतपणे म्हणाली, “क्लाउड लांब असतं. रस्ता कधीकधी बंद होतो. रस्ता बंद असताना विद्यार्थ्यांनी अडून राहू नये म्हणून एक प्रत आम्ही घरात ठेवली आहे. पेपर सुटला की पुन्हा सगळं तिकडून चालू होईल.”

पाहुण्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी स्वतः टाळी वाजवली. पेपर चालू असताना इंटरनेट का बंद असतं, हे बोलायची त्यांची पंचाईत तिनं सोडवली होती. खुशीत येऊन ते म्हणाले, “माझा प्रबंध इथलाच आहे. तो असेल का?”

होता. पहिलं पान उघडलं. नावावर शिक्का. दुसरं पान, मजकुरावर शिक्का. आकृतीवर दोन शिक्के, कारण पहिला नीट उठला नव्हता. पाहुण्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “तेव्हाही कुणी वाचला नव्हता, आता वाचताही येणार नाही. पण आहे मात्र अधिकृत.”

बाहेर पडताना सुहैला माझ्या बाजूनं गेली. मी म्हटलं, “मोंजी... म्हातारे आहेत?”

“येत्या रमजानला साठीचे होतील. तुला तीन वेळा सांगितलं मी, झुबेर. अरबीत सांगितलं, चिनीत नाही.”

१० जून, सोमवार

बूजेमासाहेबांनी बोलावलं. मला वाटलं हाकलणार. तर समोर कोरा अर्ज, शेजारी शिक्का.

“पाहुणे खूश आहेत,” ते म्हणाले. “कुलगुरूंनी अहवाल मागितलाय. त्यात लिही, घरात प्रत ठेवायची कल्पना ग्रंथपालांची. बांधणी तुझी. मी तुला कायम करतो.”

“आणि सुहैला?”

“तिला काय करायचंय? ती आहेच कायम. आणि तारखेचा घोळ तिच्या विभागाचा, असं एक वाक्य टाक. कुणावर तरी टाकावंच लागतं ना.”

मी भडकलो नाही. खरं सांगायचं तर अर्जाकडे बघत बसलो. हेच तर हवं होतं मला. आईला घेऊन जायचं, पुढे वडील, वड्या, सरबत. म्हटलं, “उद्या लिहून देतो.”

त्यापेक्षा भडकलो असतो तर बरं झालं असतं.

११ जून, मंगळवार

पेपर सुटल्यावर इलियास ग्रंथालयात आला. त्यानं माझंच पेन वापरलं होतं. ते मध्येच बंद पडलं, असं म्हणाला.

तो गेल्यावर मी सुहैलाला अहवालाचं सगळं सांगितलं. तिनं काम थांबवलं नाही.

“मग लिही ना. तुला जागा हवी होती.”

“तुझ्यासाठी हवी होती.”

“माझ्यासाठी? मला कधी विचारलंस?” आता तिनं मान वर केली. “तू माझ्या वडिलांचं मन वाचलंस, ट्युनिसच्या आजोबांचं मन वाचलंस, इलियासच्या परीक्षेतून काय काय वाचलंस ते देव जाणे. मी तोंडानं बोलत होते ते तेवढं सोडून. माझे वडील जागा विचारणार नाहीत, झुबेर. ते एकच विचारतील, पोरानं आजवर पूर्ण काय केलं? तू कॉलेज पूर्ण केलं नाहीस. माझं वाक्यसुद्धा पूर्ण होऊ देत नाहीस.”

मग ती हळू आवाजात म्हणाली, “कॉन्स्टंटिनला जा. त्या प्राध्यापकाची माफी माग, परत नाव घाल. मी कुठे पळून जातेय?”

जुना झुबेर या वाक्यावर रात्रभर विचार करत बसला असता. मी सरळ विचारलं, “म्हणजे हो?”

“म्हणजे कॉन्स्टंटिनला जा.” पण डोळे पुसत होती. हसून.

१२ जून, बुधवार

सकाळी अहवाल घेऊन बूजेमासाहेबांच्या खोलीत गेलो. अर्ध्या पानाचा. घरात प्रत ठेवायची कल्पना सुहैलाची, तारेचं आणि ओझ्याचं काम माझं, तारीख माझी, आणि ती चुकली तीसुद्धा माझीच. कारण विचारलं तर तोंडी सांगेन, असं लिहिलं होतं.

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला. “यावर मी शिक्का मारणार नाही.”

“नका मारू. याची एक प्रत मी कुलगुरूंना दिलीय.”

“तुझी जागा गेली, कळतंय का तुला? कुठे जाणार?”

“कॉन्स्टंटिनला. एका माणसाची माफी मागायची आहे. गाडी भरली की सुटेल.”

“तू?” ते म्हणाले. “माफी?” आणि पहिल्यांदाच माझ्याकडे काळजीनं पाहिलं. “बस जरा. कॉफी घे. बरं वाटत नाहीये का?”

म्हटलं, भीती वाटतेय, साहेब, पण बरं आहे. आदरानं त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं, कारण माणूस वाईट नाही. सूची विभागातून फोनवरचा आवाज येत होता. सुहैला कुणाला तरी सांगत होती, “हो, सी मोंजी, निघाला. आज निघाला.” त्या बाजूला बघितलं असतं तर पाय निघाला नसता. म्हणून बघितलं नाही. बाहेर आलो आणि मागे दार लावून घेतलं.